उसनी पाटली

सोवळ्यात काय चालतं आणि काय चालत नाही, यावर धारूरकरांच्या घरात दर वर्षी महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी कडाक्याचा वाद होई. विजेची शेगडी चालते, हे दहा वर्षांपूर्वीच ठरून गेलं होतं, कारण अंबाजोगाईत गॅसच्या टाक्या मिळेनाशा झाल्या होत्या आणि देवींपुढे कच्चं पुरण ठेवायला कुणीच तयार नव्हतं. नळाचं पाणी चालतं, पण फिल्टरचं चालत नाही. का, ते विचारायचं नाही. यंदा प्रश्न पाटलीचा होता, आणि तो हेमलताबाईंनी वादात न आणता परस्पर सोडवला.

पहाटे साडेपाचला न्हाऊन, ओल्या केसांना पंचा गुंडाळून त्या मागच्या पडवीत आल्या. त्यांची धाकटी जाऊ नीलिमा तिथं पाटावर बसून विड्याची पानं पुसत होती. हेमलताबाईंनी मनगटावरची पाटली काढून तिच्यापुढे धरली.

"घाल गं ही. नैवेद्य झाला की घेते परत."

"मी? वैनी, तन्मयला कळलं म्हणजे?"

"कळतंय कशानं? तिला हात गरम लागला की झालं. काढून ठेवली की पंधरा मिनिटांत त्याचा फोन कोकलायला लागतो. मागं मी नुसती तेल लावून न्हायला बसले होते, तर ॲम्ब्युलन्स दारात! रबराची वस्तू घेऊन सोवळ्यात कशी जाऊ सांग?"

नीलिमानं पाटली हातात घातली, वर कोपराकडे सरकवली आणि तिच्यावर ब्लाउजची लांब बाही ओढून घेतली. "सहा वर्षांनी हातात काहीतरी घातलं बघा," ती हसून म्हणाली. हेमलताबाईंनी ते ऐकलं, पण आत डाळ शिजत लावायची होती. त्या सोवळ्याचं रेशमी पातळ नेसून स्वयंपाकघरात शिरल्या, त्या शिरल्याच.

पाटली म्हणजे काही दागिना नव्हता. विमा योजनेतून साठीपुढच्या बायकांना ती मिळे. पितळी रंगाची, दोन बोटं रुंद, आतून मऊ रबर. तिचं खरं नाव इतकं लांब होतं की ते बनवणाऱ्यांनाही एका दमात घेता येत नसे. पाटली हे नाव बायकांनीच ठेवलं.

हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडू लागलं की तो एक प्रथिन रक्तात सोडतो. पूर्वी ते शोधायला सुई टोचून रक्त काढावं लागे, आणि सुई टोचण्याआधी कुणाला तरी शंका यावी लागे. पाटली दर तीन मिनिटांनी मनगटात प्रकाशाचा बारीकसा किरण सोडायची आणि परत आलेल्या प्रकाशावरून त्या प्रथिनाचा माग काढायची. जोडीला नाडी, घाम आणि श्वास यांच्यावर तिचं लक्ष असेच. पण तिचं खरं मोठेपण तिच्या शिकवणीत होतं. जुनी यंत्रं बहुतेक पुरुषांच्या छातीवर शिकली होती. डाव्या बाजूला कळ, दरदरून घाम आणि छातीवर हात, एवढं त्यांना चांगलं कळे. बायकांच्याही छातीत दुखतं, पण पुष्कळदा त्याच्या जोडीला किंवा त्याच्याऐवजी जबडा दुखतो, पाठ भरून येते, मळमळतं, दोन पायऱ्या चढून दम लागतो, नाहीतर नुसतं गळून गेल्यासारखं होतं. अशा कितीतरी जणी पित्ताची गोळी घेऊन घरी परतल्या होत्या आणि संध्याकाळचा स्वयंपाक आटोपून गेल्या होत्या. म्हणून पाटलीला शिकवलं ते बायकांनीच. हजारो जणींनी ती वर्षानुवर्षं हातात घालून.

त्या शिकवणीतून बनवणाऱ्यांना दोन गोष्टी कळल्या. बाईला "काही होतंय का?" असं विचारून उपयोग नसतो, कारण उत्तर ठरलेलं असतं. म्हणून पाटली काही विचारत नसे. आणि बाईला तिच्या हृदयाचा इशारा दिला, तर ती तो लपवून आधी हातातलं काम संपवते. म्हणून पाटली मनगटावर गप्पच राही. वाजायचा तो घरच्या माणसाचा फोन आणि ॲम्ब्युलन्सचं केंद्र. पहिल्या वर्षी पाटली हातातल्या माणसाची ओळखही पटवून घ्यायची. पण पिठाच्या आणि तेलाच्या हातांनी ती सारखी अडून बसू लागली, तेव्हा ती सोय काढून टाकली. तेव्हापासून कुणाच्याही हातात गेली तरी ती मुकाट्यानं काम करी.

पाटलीचं शिबिर फाल्गुनात गावात आलं, तेव्हा दोघी जावांनी अर्ज आणले होते. शेवटच्या रकान्यात विचारलं होतं, 'इशारा कुणाला द्यायचा?' हेमलताबाईंनी मुलाचं, तन्मयचं नाव लिहून टाकलं, विचार करायचा प्रश्नच नव्हता. नीलिमा पेन धरून बसली. तिला मूलबाळ नव्हतं. नवरा, म्हणजे हेमलताबाईंचे धाकटे दीर अनंतराव, जाऊन सहा वर्षं झाली होती. "वैनी, इथं कुणाचं लिहू?" तिनं विचारलं. हेमलताबाई तेव्हा फोनवर कुणाला तरी काळ्या मसाल्याचं प्रमाण सांगत होत्या. "बघू गं नंतर," त्या म्हणाल्या. तो अर्ज लग्नपत्रिकांच्या खाली खणात गेला आणि तिथंच राहिला.

अनंतराव गेले ते हृदयविकारानंच. जेवता जेवता त्यांनी छातीवर हात ठेवला आणि "अरे" एवढंच म्हणाले, तर अर्ध्या मिनिटात सगळी आळी गोळा झाली होती. तरी ते वाचले नाहीत. पण तेव्हापासून हेमलताबाईंना पक्कं ठाऊक होतं की हृदयाचा झटका असा येतो, सगळ्यांना दिसेल असा.

त्या दिवशी पावणेअकरापर्यंत सगळं वेळेवर चाललं होतं. सोळा भाज्या झाल्या होत्या, आंबील गार व्हायला ठेवली होती, पुरण शेगडीवर घट्ट होत होतं. बारा वाजता सवाष्णी जेवायला यायच्या होत्या. बाहेरच्या खोलीत ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी देवी, भरजरी साड्या नेसून शेजारी शेजारी उभ्या होत्या. त्यांची साडी नीलिमाइतकी चापून कुणालाच नेसवता येत नसे, म्हणून ती कालच नेसवून झाली होती. आज तिचं काम पडवीत होतं. तिला आत येऊ नको असं या घरात कुणीही कधी म्हटलं नव्हतं. ये असंही कुणी म्हटलं नव्हतं.

दहा एकावन्नला तन्मय चपला घालूनच स्वयंपाकघरात घुसला आणि त्यानं आईचे दोन्ही खांदे धरले.

"अरे, अरे! शिवलास की मेल्या!"

"आई, खाली बस. हलू नकोस. काही बोलू नकोस."

"पुरण लागंल ना खाली!"

"लागू दे पुरण!" तो ओरडला. पस्तिशीचा, बियाण्यांच्या कंपनीतला, एरवी शांत माणूस. त्यानं फोन पुढे धरला. लाल पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हेमलता श्रीनिवास धारूरकर. हृदयविकाराची दाट शक्यता. गाडी निघाली आहे. बारा मिनिटे.'

हेमलताबाईंना भीती वाटली नाही. चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं. पाटलीला परका हात कळला असणार आणि ती बिथरली असणार, हेच पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं. आता पोरगा विचारील, पाटली कुठाय? मग सुनेसमोर शोभा, तो पुण्याला परत गेल्यावर रोज दोनदा फोनवर उलटतपासणी, आणि पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांचा स्वयंपाक केटररकडे. त्यांनी डावं मनगट पदराखाली घेतलं.

"मला काहीसुद्धा होत नाहीये रे."

"सगळ्या बायका हेच म्हणतात! म्हणून तर ते यंत्र तुला विचारत नाही."

सून ऋजुता पाण्याचा पेला घेऊन धावत आली. आतल्या खोलीतून श्रीनिवासरावांनी काय झालं म्हणून विचारलं. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून कुणी उत्तर दिलं नाही. हेमलताबाई भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांनी भराभर विचार केला. डॉक्टर आले की पहिल्यांदा मनगटच बघणार. त्याच्या आत पाटली जागेवर हवी.

"तू शिवलास, सोवळं गेलं माझं," त्या उठत म्हणाल्या. "निदान हे पातळ तरी बदलते. ऋजुता, तू पुरण हलव. चार पावलं आहेत, मरत नाही मी."

तन्मय मागोमाग यायला लागला, तेव्हा "पातळ बदलताना येतोस का?" असं म्हणून त्यांनी त्याला दारातच थोपवलं आणि मागचं दार लोटून घेतलं.

नीलिमा पाटावरच होती, पण पानं पुसत नव्हती. पाठ खांबाला टेकवून, डोळे मिटून बसली होती. ओलं फडकं मांडीवर पडलं होतं.

"दे गं पाटली, लवकर. वेड लागलंय तिला. तन्मयनं गाडी बोलावलीय."

नीलिमानं डोळे उघडले. बाही वर करायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. "घ्या वैनी. माझ्यामुळं बिघडली का हो?"

"तुझ्यामुळं कशाला? यंत्रच ते." पाटली हातात घेताना हेमलताबाईंना ती ओली लागली. फडक्याचं पाणी असेल. "अशी का बसलीस?"

"काही नाही हो. रात्रीपासून दाढ दुखायलीय. कानापर्यंत कळ येते. लवंग धरलीय."

"नैवेद्य झाल्यावर बघू दाढेचं," असं म्हणत हेमलताबाईंनी पाटली पदरानं पुसली, हातात चढवली आणि साधी साडी गुंडाळून त्या आत आल्या. दाखवायला मनगट पुढे केलं. तन्मय तिथंच जमिनीवर बसला होता, फोनकडे टक लावून.

पहिली तीन मिनिटं गेली. मग पडदा लालचा पिवळा झाला आणि आणखी तीन मिनिटांनी हिरवा.

"नॉर्मल!" तन्मय ओरडला. "आई, नॉर्मल झालं! गाडी चौकात आलीय, काय करू?"

"परत पाठव. कुणाला तरी खरी गरज असेल."

फोनवर केंद्राची बाई बोलत होती. एकदा रुग्णालयात दाखवलेलं बरं, ती म्हणत होती. हेमलताबाईंनी फोन स्वतःकडे ओढून घेतला आणि सोळा भाज्या केलेल्या बाईच्या ठणठणीत आवाजात तिला सांगितलं की, मी तुझ्याशी बोलतेय ना, मग? अकरा वाजून दोन मिनिटांनी गाडी चौकातून माघारी वळली.

घर सैल झालं. ऋजुता रडता रडता हसली. हेमलताबाईंनी पुरणाचं भांडं उतरवलं. तळाला थोडं लागलं होतं, पण वरचं चांगलं होतं. पुन्हा न्हायचं, पुन्हा सोवळं नेसायचं, बारापर्यंत कसं होणार, याचा विचार त्यांनी सुरू केला. तन्मय मात्र फोन सोडायला तयार नव्हता. आलेख मागेपुढे सरकवत तो स्वतःशीच पुटपुटत होता.

"आई, पहाटे साडेपाचला काय झालं होतं तुला?"

"कुठं काय?"

"हे बघ ना. रात्रभर तुझी रेघ सपाट आहे. साडेपाचला एकदम उडी, इशाऱ्याच्या थोडी खाली. आणि तिथून सगळा वेळ चढत गेलीय, हळूहळू, एकदाही खाली न येता. अकराला परत सपाट. सेन्सर बिघडला असता तर रेघ वेडीवाकडी धावली असती. ही तर जिना चढल्यासारखी चढलीय."

हेमलताबाईंच्या हातातली पुरणाची डावली तशीच राहिली.

साडेपाच. त्यांना सगळं एकदम दिसलं, आणि एकदा दिसल्यावर ते आधी का दिसलं नाही, हेच कळेना. काल देवींना साडी नेसवताना नीलिमा तीनदा खाली बसली होती. परवा बाजारातून येताना कोपऱ्यावर पिशवी ठेवून उभी राहिली होती, आणि आपण पुढे निघून गेलो होतो. चहा नको म्हणाली होती. दाढ. ओली पाटली. फडकं तर तिच्या मांडीवर होतं, पाटली बाहीच्या आत कोपराशी. ते पाणी नव्हतं, घाम होता.

"ती रेघ माझी नाही," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तन्मय, ती रेघ माझी नाही रे! पाटली नीलिमाच्या हातात होती. पहाटेपासून. मीच दिली होती, आणि आत्ता मीच काढून आणली!"

तो धडपडत उठला. तोवर हेमलताबाई पडवीत पोहोचल्या होत्या.

नीलिमा खांबावरून घसरून एका अंगावर कलली होती. विड्याची पानं पुसून, देठ एका बाजूला करून, नीट रचून ठेवलेली होती. तिचा चेहरा राखाडी झाला होता, वरचा ओठ घामानं भरला होता. हेमलताबाईंनी तिला मांडीवर घेतलं. अंग गार लागत होतं.

"नीले! डोळे उघड. कुठं दुखतंय? खरं सांग, शप्पथ आहे माझी."

"दाढच... पाठीत भरून आलंय जरा." ती थांबून थांबून बोलत होती. "वैनी, तुम्ही आत जा. सवाष्णी येतील ना."

तन्मयनं केंद्राचा फोन लावला. मघाची बाई नव्हती, यंत्राचा आवाज होता. 'हेमलता धारूरकर यांची नोंद सर्वसाधारण आहे. आपली विनंती क्रमाने घेतली जाईल.' तो ओरडून नाव सांगू लागला, नीलिमा, नीलिमा अनंत, पण या नावाची पाटली योजनेत नव्हती. आवाज पुन्हा तेच वाक्य तितक्याच गोडव्यानं बोलला.

"पाटली घाला त्यांना!" ऋजुता ओरडली.

हेमलताबाईंनी पाटली ओढून काढली. घाईत त्यांच्या मनगटाची साल निघाली. नीलिमाच्या हातात ती सहज गेली, फार सहज. एवढी वाळलीय कधी ही, असं त्यांना वाटलं. आता तीन मिनिटं. एरवी तीन मिनिटांत त्यांच्या दोन पोळ्या होत. तन्मय फोन कानाला लावून अंगणात येरझारा घालत होता, ऋजुता पदरानं वारा घालत होती आणि हेमलताबाई नीलिमाच्या तोंडाकडे बघत होत्या. दर श्वासाला त्यांना वाटे, हा आला, पुढचा येईल का? एकेचाळीस वर्षं या घरात एकत्र काढली, पण इतका वेळ सलग आपण हिच्या तोंडाकडे कधी बघितलं होतं? एकदाही नाही, असंच त्यांना वाटलं आणि रडू कोसळलं.

फोन लाल झाला. 'हेमलता श्रीनिवास धारूरकर. अतितातडी.' लगेच खऱ्या माणसाचा आवाज आला. तन्मयनं धापा टाकत सगळं सांगितलं. पलीकडच्या डॉक्टरांनी एकही जास्तीचा प्रश्न विचारला नाही. औषधाची ॲलर्जी नाही ना, एवढं विचारून घरातली ॲस्पिरिनची गोळी चावून खायला द्या म्हणाल्या, चालवू नका, उठवू नका, गाडी माघारी वळवलीय.

श्रीनिवासरावांच्या डब्यातली गोळी ऋजुतानं आणली. हेमलताबाईंनी ती नीलिमाच्या तोंडात घातली. "चाव. चाव गं बाई. कडू असली तरी चाव."

"माझं नाव घेत नाहीये फोन," नीलिमा पुटपुटली. "तुम्हालाच काहीतरी झालंय, वैनी."

अकरा सोळाला गाडी दारात आली. पंचविशीतल्या डॉक्टर सोनवणे उतरल्या आणि त्यांनी विचारलं, "हेमलताबाई कोण?"

"मी. पण आजारी ही आहे. नीलिमा. लिहून घ्या, नीलिमा अनंत धारूरकर."

स्ट्रेचर समोरच्या खोलीतूनच न्यावं लागलं, दोन्ही देवींच्या पुढून. पहिल्या दोन सवाष्णी दारात येऊन उभ्या होत्या, हातात ओटीचं सामान. हेमलताबाई स्ट्रेचरला धरून चालत होत्या. अंगावर घरातली जुनी साडी, हाताला पुरण, पायात काही नाही.

"आई, नैवेद्य?" ऋजुतानं मागून विचारलं.

"तू दाखव."

"मी सोवळ्यात नाहीये."

"मग तशीच दाखव. देवीला सांग, थोरली धाकटीला घेऊन दवाखान्यात गेली." आणि त्या गाडीत चढल्या.

गाडीत डॉक्टरांनी नीलिमाच्या छातीवर वायरी लावल्या. पडद्यावरची रेघ हेमलताबाईंना वाचता येत नव्हती, पण डॉक्टरांचा चेहरा वाचता येत होता. त्यांनी रुग्णालयाला फोन करून सगळं तयार ठेवायला सांगितलं. मग नीलिमाच्या हाताला सलाईन लावता लावता विचारलं, "त्रास कधीपासून?"

"रात्रीपासून म्हणाली. पण परवापासून असेल. मला दिसत होतं," हेमलताबाई म्हणाल्या. "दिसत होतं हो. मी बघत नव्हते."

वळणावर गाडी हलली तसं नीलिमानं चाचपडत त्यांचं बोट धरलं. मग एकदम तिची पकड सुटली, पडद्यावरची रेघ थरथरत सुटली आणि कसला तरी भोंगा वाजू लागला. डॉक्टरांनी हेमलताबाईंना मागे ढकललं. दोन पट्ट्या, एक आवाज, नीलिमाचं अंग उचलून आपटलं. हेमलताबाईंनी डोळे मिटले नाहीत. आता नजर काढायची नाही, एवढंच त्यांना सुचत होतं. दुसऱ्या खेपेला रेघ परत चालू लागली, ओबडधोबड, पण चालू लागली.

तीन वाजता ऑपरेशनच्या खोलीतून मोठे डॉक्टर बाहेर आले. बंद पडलेली वाहिनी उघडून तिथं जाळीची नळी बसवली होती. जीव वाचला होता. स्नायूचा थोडा भाग कायमचा गेला होता. जपून राहावं लागेल, जिने चढताना दम लागेल.

"मी गाडी परत पाठवली होती," हेमलताबाई म्हणाल्या. "तेरा-चौदा मिनिटं गेली त्यात. तेवढ्या वेळात किती गेला असेल, डॉक्टर?"

"तसं मोजता येत नाही, काकू."

"मोजता आलं असतं तरी तुम्ही सांगितलं नसतं," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी, घरी महालक्ष्म्यांचं विसर्जन होऊन गेल्यावर, नीलिमाला साध्या खोलीत आणलं. हेमलताबाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. अर्ज खणात कसा गेला, पाटली ओली कशी लागली, दाढ म्हणाली तेव्हा आपल्या मनात फक्त सवाष्णींची पंगत कशी होती. काही राखून ठेवलं नाही. नीलिमा छताकडे बघत ऐकत होती.

"मलाही दाढच वाटत होती, वैनी," ती शेवटी म्हणाली. "पण रात्री दोनला एकदा वाटलं होतं, तुम्हाला उठवावं."

"मग?"

"तुम्हाला पहाटे उठायचं होतं. सोवळ्याचा दिवस."

हेमलताबाईंनी तोंडाला पदर लावला. नीलिमानं त्यांना रडू दिलं; "राहू द्या हो" असं नेहमीसारखं म्हणाली नाही.

थोड्या वेळानं योजनेचा माणूस नवी पाटली घेऊन आला. अर्ज आता कागदावर नव्हता, त्याच्या हातातल्या पाटीवर होता. नाव, वय, पत्ता त्यानं भरला आणि शेवटच्या रकान्याशी थांबला. "इशारा कुणाला द्यायचा?"

नीलिमानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तोवर हेमलताबाईंनी आपला फोन पुढे केला होता.

"मुलाचा किंवा सुनेचा दिला तर बरं असतं, आजी. तुमचं वय..."

"लिही म्हणते ना."

त्यानं लिहिलं. पाटली नीलिमाच्या मनगटात घातली. "एकदा चाचणी करून दाखवतो," म्हणत पाटीवर बोट टेकवलं. हेमलताबाईंच्या हातातला फोन मोठ्यानं वाजायला लागला. खोली दणाणली. बंद कसा करायचा, ते त्यांना सापडेना, आणि खरं म्हणजे त्या शोधतही नव्हत्या.

पाटली तेवढी गप्प होती. नीलिमानं उशीवरून मान वळवली.

"कुणाचा फोन आहे हो, वैनी?"

"तुझा," हेमलताबाई म्हणाल्या.